मुकादमाच्या वहीत नसलेल्या बायका

नळाला पाणी होतं तोवर पिंप भरायचं, कुकरकडे कान ठेवायचा आणि मधेच ह्यांचा डबा, असं माझं सकाळचं चाललेलं. सांगलीत शिकायला म्हणून माझ्याकडे राहिलेली भाची प्रियदर्शनी टेबलावर प्रबंधाची पानं लावत होती. विषय बहात्तरच्या दुष्काळातल्या कामांचा. शेवटचं प्रकरण त्याच दिवशी टायपिंगला द्यायचं होतं. तेवढ्यात कडी वाजली.

दारात साठीच्या एक बाई. काखेत कापडाचं गाठोडं, हातात प्रियदर्शनीनं गावात ठेवलेली पत्त्याची चिठ्ठी.

"मी राहीबाई. कवठे महांकाळकडनं आलीया, पहिल्या गाडीनं. तलावाचं लिवणारी पोरगी हितंच ऱ्हाती न्हवं?"

मी पाणी दिलं, चहा टाकला. बाई इकडचं तिकडचं काही बोलल्या नाहीत.

"तलावावर बाया न्हवत्या असं लिवलंस म्हणं?"

प्रियदर्शनी सावरून बसली. गेल्या महिन्यात ती त्यांच्या गावी गेली होती, तेव्हा जुने मुकादम नानासो यांनी तलावाच्या कामावरची हजेरीची वही तिला दिली होती. ती चाळून 'कामावर बायका नव्हत्याच' असं ती तिथंच बोलून गेली होती.

"आजी, मी मनानं नाही लिहिलं. वहीत एकशे चौदा नावं आहेत, सगळी पुरुषांची. त्याच वेळी, त्याच जागेवर लिहिलेली वही. आणखी कसला पुरावा हवा?"

"नानासो लबाड न्हाई. पर त्यो आमचं नावच इचारायचा न्हाई. 'कुणाच्या घरची गं?' म्हणायचा. नवऱ्याचं नाव आमी तोंडानं घेत न्हवतो, मग मागची बाई सांगायची. त्यो तेच लिवायचा. माती उचलणारी ऱ्हायली पाटीखालीच."

मला हसू आलं. प्रियदर्शनी हसली नाही. तिचं अख्खं प्रकरण त्या वहीवर उभं होतं.

"पण आजी, तेवीस वर्षांची आठवण आणि लिहिलेला कागद..."

"व्हय, म्हातारीची आठवण. म्हणून तर कागद आणलाय."

गाठोड्यातून अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा निघाला. नवरा, ज्योतिबा, तेव्हा फौजेत होता. प्रियदर्शनीनं वही उघडली. ज्योतिबा, मार्च त्र्याहत्तर, एकही खाडा नाही. मग पत्रांवरच्या शिक्क्यांच्या तारखा वहीशी ताडून पाहिल्या. मार्च त्र्याहत्तरची तीन पत्रं, फौजेच्या टपालातून आलेली. एकात लिहिलं होतं, 'तू तलावाच्या कामावर जातेस असे कळले. पोरीस सावलीत ठेवत जा.'

"म्हणजे आजोबा फौजेतही आणि तलावावरही?"

"लय लांब हात हुता धन्याचा," राहीबाई म्हणाल्या. "तिकडं बंदूक, हिकडं पाटी!"

आता मात्र दोघी हसल्या.

मी पोहे पुढे ठेवले. खाताखाता त्या सांगत राहिल्या. बाभळीला झोळी बांधून लेकीला निजवायच्या. माती ओली असली की पाटी जड, म्हणून कडेची कोरडी माती म्हाताऱ्या बायकांसाठी राखून ठेवायच्या. तक्रारीचा सूर कुठंच नव्हता. शेताचा बांध दाखवावा तसं बोलणं.

प्रियदर्शनीनं पेन उघडलं. "निम्म्या तरी बायका असतील ना?"

"निम्म्या म्हणू नगंस. माझ्या टोळीत आमी नऊ जणी, ते मी बघितलंय. पल्याडच्या टोळीचं निस्तं ऐकलंय. ऐकलेलं लिवू नगंस."

मी इतिहास घेऊन बी.ए. झाले, पण बघितलेलं आणि ऐकलेलं इतकं वेगवेगळं ठेवणारं माणूस मला वर्गात भेटलं नव्हतं.

"मग तुमच्या सांगण्यावरून नऊ लिहिते. टायपिंगला उद्या देईन."

राहीबाईंनी बशी खाली ठेवली.

"नगं. येकटीचं ऐकून लिवलंस, तर कुणीबी म्हणंल म्हातारी बरळली. आमच्यातल्या पाच जणी अजून हायत. येकदा गावाला ये, आणि त्यांच्या घरी जाऊन त्यांना इचार."