हॅज की हॅड?

एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या हॉलमध्ये मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. इतक्या वर्षांत जमलेले निम्मे किस्से तरी हॅज-हॅडचे! ऐकणारे हसतात. मला मात्र हसता येत नाही. वाक्य माझ्याच फळ्यावरून गेलेलं असतं ना!

*

माझ्या वर्गातली जूचंद्रची रेश्मा नर्स आहे. एका आजोबांचा सकाळी खोकताना क्षणभर श्वास अडकला होता. आता ठीक होते. डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, म्हणून तिनं धीर करून फोनवर सांगितलं, "सर, पेशंट हॅज स्टॉप्ड ब्रीदिंग!"

म्हणजे आत्ता थांबलाय!

डॉक्टर तीन जिने धावत चढले. आजोबा चहात पाव बुडवत होते. धापा टाकणाऱ्या डॉक्टरांना बघून ते घाबरलेच. "सिस्टर, आधी यांना ऑक्सिजन लावा!"

*

कुलकर्णी काका-काकू व्हिसाच्या मुलाखतीला गेले. लग्नाला किती वर्षं झाली, असं साहेबानं काकूंना विचारलं.

"आय वॉज मॅरीड फॉर थर्टी इयर्स."

साहेबाचा चेहरा पडला. "आय अ‍ॅम सो सॉरी, मॅडम."

शेजारी बसलेल्या काकांना घाम फुटला. हळूच म्हणाले, "अगं, मी गेलो का?"

*

नव्या बॅचमध्ये एकानं विचारलं, "टीचर, प्रेझेंट परफेक्ट म्हणजे नक्की काय?"

"घडून गेलेलं, पण अजून आपल्याला न सोडणारं."

"म्हणजे माझे बॉस!"

*

सांडोरच्या जेम्स अंकलना गृहपाठ होता, कॅनडातल्या मुलाला इंग्रजीत एक आठवण कळवायची. मुलाची मम्मी तिच्या लहानपणी विहिरीत पडली होती. अंकलनी लिहिलं, "मम्मी हॅज फॉलन इन द वेल." आणि फोन घरी ठेवून केळींना पाणी द्यायला गेले.

मुलानं रडत रडत गावात फोन लावले. अर्धा गाव दोर घेऊन विहिरीवर! सगळ्यांच्या पुढे मम्मी, आत वाकून ओरडत होती, "अरे, पडलंय कोण, सांगा ना!"

*

मार्थाचा नवरा जहाजावर होता. परदेशातल्या बंदरात त्याला हॉस्पिटलमध्ये ठेवल्याचं दोन दिवसांपूर्वी कळलं होतं. त्या दुपारी ती चपला न काढताच वर्गात शिरली.

"टीचर, कॅप्टनचा मेसेज आलाय. मला अर्धाच कळतो. तुम्ही वाचा."

फळ्यावर मी हॅज आणि हॅड शेजारी शेजारी लिहिले होते. मी तिचा फोन हातात घेतला.

"ही हॅड लॉस्ट कॉन्शसनेस..." म्हणजे शुद्ध गेली होती. मार्थानं भिंत धरली. पुढची ओळ वाचायचा मला धीर होईना.

"ही हॅज आस्क्ड फॉर मार्था." म्हणजे त्यानं मार्थाला विचारलंय.

ती फळ्यापाशी गेली. हॅजवर बोट ठेवलं. "टीचर, हा ना? हाच ना?"

"हाच."

तिनं डस्टर उचललं आणि शेजारचा हॅड पुसून टाकला.