बाईंचा डावा डोळा

चष्म्याच्या दुकानातल्या बाईंच्या नाकावर माशी बसत नसे. एकतीस वर्षं त्या लोकांचे डोळे तपासून नंबर काढून देत होत्या, आणि सगळी गल्ली त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. त्यांचे यजमान पुढच्या काउंटरवर बसून फ्रेमच्या दांड्या वाकवत, स्क्रू पिळत आणि गिऱ्हाइकांना जगाच्या गोष्टी ऐकवत. मागची अरुंद, अंधारी खोली बाईंची. तिथे यजमानांनाही दारावर टकटक केल्याशिवाय पाऊल टाकायची सोय नव्हती.

अशा बाईंना एका मंगळवारी शाळेच्या कारकुनाचा फोन आला. मुलांचे डोळे तपासायला दरवर्षी त्याच जात.

"बाई, परिषदेच्या यादीत तुमचं नाव सापडत नाहीये," तो चाचरत म्हणाला.

"चष्मा लावून बघ."

"लावलाय. तुम्हीच दिलेला."

डोळे तपासायच्या परवान्याची मुदत सात महिन्यांपूर्वीच संपली होती. दर तीन वर्षांनी परिषदेकडून खाकी पाकीट यायचं, बाई त्यातला फॉर्म भरायच्या आणि पोस्टात टाकायच्या. या खेपेला परिषदेनं पाकिटं बंद करून सगळा कारभार कॉम्प्युटरवर नेला होता, आणि हे नवराबायको पाकिटाची वाट बघत निवांत बसले होते. सात महिने आपण परवान्याशिवाय लोकांच्या डोळ्यांना हात लावतोय!

"कुणाला कळलंय?" यजमान हळूच म्हणाले.

"मला कळलंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मागच्या खोलीला स्वतः कुलूप लावलं.

परवाना पुन्हा मिळवायचा अर्ज छापून घेतला तर चांगला अकरा पानी निघाला. इतके तास शिबिरांना बसल्याचे दाखले, दोन ओळखीच्यांची पत्रं, उशीर का झाला याचा खुलासा. बाईंनी आठवडाभर डोकं घालून सगळं जमवलं. नवव्या पानावर मात्र त्यांना हसू फुटलं. तिथे अर्जदाराच्या स्वतःच्या नजरेचा दाखला मागितला होता, दुसऱ्या परवानाधारकाच्या सहीचा.

"घ्या. आता माझे डोळे तपासणार," त्यांनी यजमानांना पान दाखवलं. "धाकटीकडे जाऊन येते. अर्ध्या तासाचं काम आहे."

धाकटी म्हणजे बाईंच्या हाताखाली शिकलेली मुलगी. दुकानात दोन मदतनीस होत्या, त्यातली ही लहान, म्हणून धाकटी. आता चाळिशीला आली होती, चार रस्ते पलीकडे तिचं स्वतःचं क्लिनिक होतं, तरी बाई तिला धाकटीच म्हणत आणि तीही ओ देई. बाईंना बघून ती लगबगीनं उठली. भिंतीवरच्या पडद्यावर तिनं अक्षरं लावली आणि बाईंचा डावा डोळा झाकला. उजव्या डोळ्यानं बाईंनी तळाची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली.

मग तिनं उजवा डोळा झाकला. "आता हा."

बाईंनी पुन्हा तीच ओळ वाचली, न, ग, प, ट, र, अगदी न अडखळता. वाचून झाल्यावर त्या टोपलीतला टिश्यू घेऊन डोळा पुसायला लागल्या. धाकटी पडद्याकडे बघत राहिली.

"लिही की. दोन्ही डोळे उत्तम."

"मॅडम," धाकटी म्हणाली, "दुसरा डोळा तपासताना अक्षरं बदलायची, हे तुम्हीच शिकवलंत. मी बदलली होती. तुम्ही आधीचीच वाचलीत."

"काहीतरीच. मला दिसली ना."

धाकटीनं उजवा डोळा पुन्हा झाकला आणि काठीनं एक मोठं अक्षर दाखवलं. बाईंनी रोखून बघितलं. अक्षराच्या चारी बाजूंचा पडदा दिसत होता, काठीचं टोक दिसत होतं, आणि मधोमध राखेचं बोट फिरवल्यासारखा डाग होता. त्यांनी मान हलवली तसा डागही हलला. डोळा अधू झाल्याचा धक्का होताच, पण त्याहून मोठा धक्का वेगळाच होता. आपण खोटं बोललो नव्हतो. ती अक्षरं आपल्याला खरंच दिसली होती, कुणी शपथ घ्यायला लावली असती तर घेतली असती.

आजवर नंबर लपवणारे किती ड्रायव्हर त्यांनी अशाच खुर्चीत पकडले होते. ते निदान जाणूनबुजून पाठ करून यायचे.

"माझ्या डाव्या डोळ्यात बघा बरं," म्हणत धाकटीनं डोळ्याच्या आत बघायचं छोटं यंत्र त्यांच्या हातात दिलं. पेशंटचा उजवा डोळा आपल्या उजव्यानं बघायचा आणि डावा डाव्यानं, नाहीतर नाकावर नाक आपटतं. हा पहिल्या दिवशीचा धडा. बाई वाकल्या, यंत्र त्यांनी उजव्या डोळ्याला लावलं, मान तिरकी केली, आणि त्यांचं नाक धाकटीच्या गालाला टेकलं.

वर्षभर त्यांची मान दुखत होती. वय झालं म्हणून त्या तेल चोळून घेत होत्या.

"कधीपासून असं बघता?" धाकटीनं विचारलं.

"माहीत नाही." खरोखरच माहीत नव्हतं. एवढं मात्र आता लख्ख आठवत होतं, की डाव्या डोळ्यात वाकून बघताना अवघडायला होई, म्हणून हल्ली त्या तिथे झटपट उरकत होत्या.

धाकटीनं अर्ज पुढे ओढला. "मॅडम, उजवा डोळा ठणठणीत आहे. डावीकडे थोडं कमी आहे एवढंच लिहिते. इलाजाचं आपण मागाहून बघू. परवाना तर हातात येईल."

बाईंना मोह झाला. खोटं कशाला बोला? एकतीस वर्षांची खोली होती ती. त्यांनी पेनाच्या टोकाकडे बघितलं, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"दिसलं तेवढं लिही," त्या म्हणाल्या. "मधोमध दिसत नाही, असं लिही. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी दे. आणि उद्यापासून माझी माणसं तुझ्याकडे येतील. वर्षभरातली सगळी. त्यांचे डावे डोळे नीट बघ."

धाकटीनं लिहिलं. लिहिताना तिनं दोनदा नाक ओढलं, बाईंनी लक्ष दिलं नाही.

दुकानात परतल्यावर यजमानांनी हातातला पेचकस खाली ठेवला. "झालं का काम? कधी उघडायची खोली?"

बाईंनी कपाटातून तपासणीची वही काढली आणि काउंटरवर उघडून बसल्या. मागच्या वर्षभराची पानं उलटत उलटत त्यांचं बोट एका नावावर थांबलं.

"अहो, उद्या सकाळी धाकटीकडे जाऊन या. डावा डोळा दाखवून या."

यजमान हसले. "माझा? चार महिन्यांपूर्वी तूच तर बघितलास."

"म्हणूनच म्हणतेय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या नावाला फोन लावायला घेतला.