पुस्तक घरी नेण्याचा परवाना

ऐंशीच्या दशकात मिशिगनमधल्या ट्रॉय गावी एका प्राथमिक शाळेच्या लायब्ररीत मी मदतनीस म्हणून लागले, तेव्हा माझ्याकडे एक पदवी होती आणि एक सवय. पदवी ग्रंथालयशास्त्राची. सवय पुस्तकं वाचकांपासून वाचवण्याची. लग्नाआधी चार वर्षं मी विदर्भातल्या एका ग्रंथालयात होते. तिथे पुस्तकं काचेच्या कपाटांत असायची, कपाटांना कुलपं असायची आणि किल्ल्या साहेबांच्या खणात. वाचकाने चिठ्ठी लिहायची, शिपायाने ती आत न्यायची आणि थोड्या वेळाने "बाहेर गेलंय" असं सांगत परत यायचं. पुस्तक बाहेर गेलेलं नसायचं, शिपाईच स्टुलावरून उठलेला नसायचा. पण वर्षअखेरच्या तपासणीत आमचं एकही पुस्तक हरवलेलं नसे आणि साहेब ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत. मलाही अभिमान वाटायचा.

ट्रॉयच्या त्या शाळेत मात्र कपाटं नव्हतीच. सहा वर्षांच्या पोरांच्या कमरेइतक्या उंचीचे उघडे रॅक, खाली गालिचा, आणि पोरं त्यावर लोळत पुस्तकं पाहताहेत. पहिल्या दिवशी ते पाहून मी नकळत कुलपं शोधली. एका मुलाने पुस्तक उलटं धरून त्याचा बोगदा केला होता आणि त्यातून मोटार नेत होता. शेजारी त्याच्या बाई कौतुकाने उभ्या.

मुख्य लायब्ररियन बाई दोन शाळा सांभाळायच्या. आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस. पहिली-दुसरीला 'लायब्ररी स्किल्स' शिकवण्याचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं आणि एक लांबलचक यादी हातात दिली. मुलाला पुस्तकाची पुढची बाजू ओळखता येते का, कणा, म्हणजे बांधणीची बाजू, दाखवता येतो का, पान वरच्या कोपऱ्यातून उलटता येतं का. प्रत्येक कलमापुढे खूण करायला चौकोन. यादी पाहून माझा जीव भांड्यात पडला. या देशात शिस्त अगदीच नाही असं नव्हतं, ती फक्त कागदावर ठेवलेली होती. ती कागदावरून खाली उतरवायला माझ्यासारखं कुणीतरी हवं होतं.

मी ती उतरवली. कार्ड कॅटलॉगचे खण मुलांना दाखवले, खणावरची अक्षरं घोकून घेतली. रॅकमधून पुस्तक काढलं की त्या जागी आपल्या नावाची लाकडी पट्टी खोचायची, हे शिकवलं. पट्ट्या म्हणजे रंगाच्या दुकानात डबा ढवळायला देतात त्या. पोरांनी पहिल्याच तासाला त्यांच्या तलवारी केल्या. मग मी पट्टी खोचण्याचाच एक तास घेतला, ज्यात पुस्तक कुणी काढायचंच नव्हतं. तो तास फार शिस्तीत झाला.

आणि मग मला परवान्याची कल्पना सुचली. पहिलीतल्या मुलाने आधी परीक्षा द्यायची. तोंडी पाच प्रश्न आणि प्राण्यांची नावं-चित्रं असलेली पाच कार्डं अक्षरांच्या क्रमाने लावायची. पास झाला की पिवळं कार्ड, त्यावर त्याने काढलेलं स्वतःचं चित्र, खाली माझी सही, वर प्लास्टिक. ते दाखवेल त्यालाच पुस्तक घरी. तोवर लायब्ररीत बसून बघा हवं तेवढं. मुख्य बाई ते कार्ड पाहून "ओ, हाउ क्यूट!" म्हणाल्या. त्यांना वाटलं हा खेळ आहे. मी मात्र खेळत नव्हते.

मुलांनाही तो खेळच वाटला, त्यामुळे सगळी भराभर पास झाली. बापाला गाडीचं लायसन्स असतं तसं आपल्याला हे, असं म्हणत मिरवायची. तीन आठवड्यांत अख्खा वर्ग परवानाधारक झाला. राहिली एकच मुलगी, आणि नेमकी ती आपली निघाली.

तिचे आईवडील महाराष्ट्र मंडळात भेटणारे. वडील मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, आई घरी. मंडळात ती मला काकू म्हणायची आणि शाळेतही काकूच म्हणाली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, इथे नाही म्हणायचं तसं. तोवर उशीर झाला होता. अख्ख्या पहिलीला वाटलं हेच माझं आडनाव, आणि वर्षभर मी 'मिसेस काकू' राहिले.

तिला एकच पुस्तक हवं होतं, गांडुळांचं. सप्टेंबरात तिने अंगणातून सहा गांडुळं खणून काढली होती आणि मार्गारिनच्या, म्हणजे तिथल्या नकली लोण्याच्या, रिकाम्या डब्यात, सँडबॉक्समधली वाळू घालून, गॅरेजमध्ये गवत कापायच्या मशीनमागे ठेवली होती. आईला पत्ता नव्हता. वडील सामील होते.

"काकू, डू वर्म्स नीड वॉटर?" परवाने सुरू झाल्यावरच्या पहिल्याच तासाला तिने मला विचारलं.

"बाबांना विचार ना."

"बाबा सेज दे विल ड्राउन. पाऊस आला की ते साइडवॉकवर येतात ना, बिकॉज ते बुडतात. सो पाणी नाही घालायचं. पण ही इज नॉट शुअर. ही सेड पुस्तक आण, वाचून नक्की सांगतो."

यात तिच्या वडिलांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडचा शिकलेला माणूस पुस्तकात पाहिल्याशिवाय गांडुळालाही पाणी घालत नाही. प्रश्न एवढाच होता की पुस्तक वरच्या वर्गांसाठीचं होतं, तिला स्वतःला ते वाचता येत नव्हतं, आणि घरी न्यायला तिच्याकडे परवाना नव्हता.

"छान प्रश्न आहे," मी म्हणाले. "आता सांग, याचं उत्तर शोधायला कॅटलॉगचा कुठला खण उघडशील?"

 पुस्तक तिच्या हातातच होतं.

परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली कारण पाच कार्डं तिने अक्षरांऐवजी प्राण्यांच्या आकाराने लावली, लहानापासून मोठ्यापर्यंत. दुसऱ्यांदा मी विचारलं, लेखकाचं नाव कुठे बघायचं? ती म्हणाली, "आय डोन्ट लुक ॲट दॅट." खरं बोलत होती, पण खऱ्याला गुण नव्हते. तिसऱ्या आठवड्यात तिने परीक्षेच्या मधेच सांगितलं की दोन गांडुळं हलत नाहीत. मी म्हटलं, आधी प्रश्न पुरे करू या. तिने डोळे पुसले आणि कणा म्हणून पुस्तकाची मागची बाजू दाखवली.

तिला तसंच पुस्तक देऊन टाकायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते झटकलं. कारण ती मराठी होती. शाळेत आम्ही दोघीच भारतीय. उद्या एखादी बाई म्हणाली असती की हिने आपल्या माणसाची वशिल्याने सोय केली, तर? कुणी म्हणालं नसतं. त्या बायकांना वशिला ही वस्तूच ठाऊक नव्हती. पण ती भीती मी देशातून बरोबर आणली होती आणि तिला निःपक्षपातीपणा म्हणत होते. दुसरं कुठलंही पोर रडलं असतं तर मी विरघळले असते. आपल्या पोराला मी नियम लावला, दुप्पट लावला.

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात तिच्या आईने मला चिवड्याच्या टेबलाशी गाठलं. चेहरा पार उतरलेला.

"अहो, आमची तीनदा फेल झाली म्हणे? तुम्ही आम्हाला कळवायचं तरी! हे म्हणजे रेकॉर्डवर जातं का हो? पुढे गिफ्टेड प्रोग्रॅमला अडेल का?"

"नाही नाही, हे आपलं शाळेपुरतंच."

"तरी पण फेल म्हणजे फेलच ना. पोर्शन काय आहे सांगा. मागचे क्वेश्चन्स मिळतील का?"

मी तिला पेपर नॅपकिनवर पाचही प्रश्न लिहून दिले, उत्तरांसकट. वशिल्याला घाबरणाऱ्या मला यात काहीच गैर वाटलं नाही, कारण हे अभ्यासात मोडत होतं. वर ती म्हणाली, "बरं झालं तुम्ही स्ट्रिक्ट आहात. आपली म्हणून मुळीच सूट देऊ नका." मी इतकी सुखावले की चिवडा दुसऱ्यांदा घेतला. पोर पुस्तक कशासाठी मागतेय हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, गॅरेजची गोष्ट फुटली असती. ते गुपित मात्र मी इमानाने पाळलं.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. बाहेर जमीन दगडासारखी झालेली. ती येऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली, हात पाठीमागे, आणि मी तोंड उघडायच्या आत तिने उत्तरं सुरू केली. लेखकाचं नाव मुखपृष्ठावर आणि आतल्या पानावर. कणा इथे. पान वरच्या कोपऱ्यातून. धुतलेले हात. एका दमात, प्रश्नांच्या क्रमांकांसकट. कार्डं तर तिने न बघता लावली. माझ्या आयुष्यात इतकी स्वच्छ परीक्षा कुणी दिली नव्हती. मी टाळ्या वाजवल्या, वर्गाला वाजवायला लावल्या. पिवळं कार्ड तयारच होतं. मी स्वतः उठून रॅककडे गेले, गांडुळांचं पुस्तक काढलं, त्या जागी तिच्या नावाची पट्टी खोचली, तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक तिच्यापुढे धरलं.

तिने ते घेतलं नाही.

"नो थँक यू," ती म्हणाली. "दे आर ऑल डेड. बाबा अँड मी पुट देम अंडर द ट्री."

 मी म्हटलं, मग दुसरं एखादं पुस्तक घे, आता तू कुठलंही नेऊ शकतेस.

तिने विचार केला. "आय पास्ड, राइट?"

"हो. फर्स्टक्लास."

"देन डू आय हॅव टू कम टू युवर टेबल एनी मोअर?"

"नाही," मी म्हणाले.

ती गालिच्यावर जाऊन बसली आणि तास संपेपर्यंत बुटाची नाडी सोडत-बांधत राहिली.

मुलं वर्गात गेल्यावर पुस्तक जागेवर ठेवायला मी उठले, आणि ते उघडलं. दोन महिने ते मी रोज पाहत होते, त्याचा क्रमांक मला पाठ होता, कुठल्या खणात त्याचं कार्ड आहे ते झोपेत सांगितलं असतं. आत मी कधी पाहिलं नव्हतं. चौथ्या पानावर, चित्राखाली, मोठ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. गांडूळ कातडीने श्वास घेतं, म्हणून त्याची माती नेहमी ओलसर हवी. कोरड्या मातीत ते गुदमरतं. मी त्या दोन ओळी उभ्या उभ्या मोठ्याने वाचून पाहिल्या. श्वास घेऊन, सावकाश, पहिलीतल्या मुलाला वाचून दाखवावं तशा. अर्धं मिनिटही लागलं नाही.