पट्टी सरळ केली तेव्हा

अमेरिकेत, पिस्कॅटवेतल्या आमच्या लॅबमध्ये एक अलिखित नियम होता: ताणलेला नमुना सोडायचा नाही. एका अणूच्या जाडीचा पापुद्रा प्लास्टिकच्या पट्टीवर बसवायचा आणि पट्टी वाकवायची, म्हणजे पापुद्रा ताणला जातो. सोडताना तो बहुधा तडकतोच. म्हणून मोजमाप घ्यायचं आणि गप्प बसायचं.

माझ्या पापुद्र्यात मुळात चुंबकत्व नव्हतंच. वाकवल्यावर मात्र दिसलं. गाइड खूश! म्हणाले, थीसिस झाला, याच सेमिस्टरला पीएचडीचा डिफेन्स देऊन टाक. नागपूरहून आई-बाबांनी पदवीदान समारंभासाठी तिकिटं काढली. आईने तर नेसायची साडीही ठरवली.

आणि इकडे मला मेली झोप लागेना. नमुना पट्टी वाकवायच्या यंत्रापर्यंत उघड्या हवेतून न्यावा लागे. तेवढ्यात हवेतले अणू त्याच्यावर येऊन चिकटतात, आणि असले उपरे अणूही चुंबकत्व आणू शकतात. मग हे काम ताणाचं की उपऱ्यांचं? तापवून अणू उडवावेत, तर प्लास्टिकच ढिलं पडायचं. एकच उपाय उरला, ताण सोडून बघायचा: चुंबकत्व गेलं तर ताणाचं, राहिलं तर उपऱ्यांचं.

शेजारच्या टेबलावरचा सांगलीचा मित्र ओरडलाच, "यार, वेड लागलंय का तुला? हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला? डिफेन्स दे आणि सूट इथून!"

काही दिवस त्याचं ऐकलं. कॉफी करायची आणि न पिताच ओतून द्यायची. ड्राइव्ह करताना हायवेची एक्झिट चुकायची. कुणी अभिनंदन केलं की नुसता संताप यायचा. शेवटी एका सकाळी त्या तिरीमिरीतच लॅबमध्ये गेले आणि पट्टी हळूहळू सरळ केली. पापुद्रा शाबूत राहिला. ताण गेल्याची लेझरने खात्री केली आणि पुन्हा मोजलं. चुंबकत्व जिथल्या तिथे! ताणाचा काही संबंधच नव्हता.

गाइडनी आलेख बघितला. "बरं झालं, आत्ताच कळलं," म्हणाले. "आता कोणता अणू चिकटलाय ते शोध." म्हणजे अजून वर्षभर तरी.

आईला फोन करून सांगितलं, तिकिटं कॅन्सल करा. मग जमेल तेवढ्या शांतपणे तिने विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं गं, ते सोडून बघायला?"

"कुणीच नाही," म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.