उकडलेलं अंडं कच्चं करायचं औषध

“घाला, घाला ना तुमचे थेंब!” चिमणाबाईंनी सोललेलं उकडलेलं अंडं ताटलीत ठेवून नवऱ्यापुढे सरकवलं. “आधी हे कच्चं करून दाखवा. मग माझ्या डोळ्यात घाला.”

निवृत्तीच्या हातात कळवणच्या बाजारातून आणलेली बाटली होती. त्या औषधाने मोतीबिंदू विरघळतो अशी त्याची खात्री होती. खात्री पटायला त्याला कधीच फारसं काही लागत नसे.

“अंडं वेगळं, डोळा वेगळा.”

“हो का? मग डॉक्टरांनाच खुळं म्हणायचं!”

डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावलं ते चिमणाबाईंच्या धंद्यातलंच निघालं. अंगातल्या पेशी बिघडलेली प्रथिनं मोडून टाकतात, नवी करतात. डोळ्याच्या भिंगात मात्र बराचसा माल जन्मापासूनचा; खराब ते काढायला तिथे कोणी नाही, नवं भरायला कोणी नाही. वय होतं तशी ती प्रथिनं विस्कटतात, गुठळ्या धरतात, आणि काचेसारखं भिंग उकडलेल्या अंड्यागत पांढरं होतं. नाशिक रोडला कारखान्याची पाळी सुटते त्या वाटेवर चिमणाबाई सतरा वर्षं हातगाडीवर उकडलेली अंडी विकत होत्या. पातेल्यात शिजलेलं अंडं परत पातळ झालेलं त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

प्रत्येक अंडं त्या आधी बल्बसमोर धरून बघत. आत डाग दिसला की उकिरड्यावर. हल्ली त्यांना सगळीच अंडी डागाळलेली दिसत, चांगलं कुठलं आणि नासकं कुठलं ते कळत नसे. मंगळवारी गिऱ्हाइकाने नासकं अंडं त्यांच्या पायाशी आपटलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा! तेव्हा नवरा म्हणवणारा हा गृहस्थ गाडीमागे स्टुलावर बसून विडी ओढत होता.

“आई, ऑपरेशन झालं की चाळीस दिवस वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही,” मुलगा वाल्मीक म्हणाला. “गाडी कोण बघणार? दिवाळीपर्यंत थेंब घालून बघू की.”

म्हणजे काळजी डोळ्याची नव्हतीच, पातेल्याची होती. तीस वर्षांचा घोडा, पण स्टोव्ह पेटवायला आईच हवी.

तेवढ्यात निवृत्तीने खरोखरच दोन थेंब अंड्यावर सोडले. बापलेक ताटलीवर वाकून बघत बसले. अंडं जसंच्या तसं.

“बाबा, अजून एक टाका,” वाल्मीक हळूच म्हणाला.

चिमणाबाईंनी ताटली उचलली आणि अंडं खरकट्यात लोटलं.

“सोमवारी ऑपरेशन आहे. नाव घालून आले. गाडी तुम्ही दोघांनी लावायची, आणि अंडी बल्बसमोर धरून बघायची.”