बाळाराम म्हणाला होता, ‘जाऊ द्या’

मधली सुट्टी संपत आली होती. बाळारामचा धाकटा भाऊ गणपत शाळेच्या फाटकाशी उभा दिसला, तेव्हा मला वाटलं, मुलाच्या दाखल्यासाठी आला असेल. पण तो आत येईना. मी जवळ गेलो तर म्हणाला, "गुरजी, दादा गेला." बाळारामला कावीळ झाल्याचं मला ठाऊक होतं. आदल्या रविवारी भेटायला जायचं ठरवलंही होतं, पण वह्या तपासायच्या आहेत असं स्वतःलाच सांगून मी घरी बसलो होतो... घंटा झाली. पुढचा तास व्याकरणाचा. तो मी घेतला, पण काय शिकवलं ते आठवत नाही. याला आता पाच आठवडे झाले.

कुळगावच्या आमच्या मंडळाच्या हुतूतूच्या संघात बाळाराम डाव्या कोपऱ्यात खेळायचा आणि मी त्याच्या शेजारी. बचाव करणारे एकमेकांचे हात धरून साखळी करतात, आणि कोपऱ्यातल्या माणसाला शेजारी एकच असतो. सहा वर्षं तो शेजारी मी होतो. एकदा हात दाबला की ‘थांब’, दोनदा दाबला की ‘मी घोटा धरतोय’. एवढ्यावर आमचं भागायचं, आणि ते बरंच होतं, कारण बाळाराम बोलण्यात भलताच चिक्कू होता. कर्ता, कर्म सगळं गाळून नुसतं क्रियापद समोर टाकायचा. "गुरजी, आलं," म्हणाला की पाऊस आला, पाहुणे आले की गाडी आली, ते आपण ओळखायचं. मी त्याला चिडवायचो, "तुला माझ्या वर्गात बसवला तर पहिल्याच दिवशी अंगठे धरायला लावीन." तो हसायचा आणि पुन्हा तसाच बोलायचा. निर्वासितांच्या कॅम्पात सामने असले की तिथली सिंधी मंडळी त्याचं नाव ठाऊक नसल्यामुळे "वाह कोनेवाला!" म्हणून ओरडायची. ते नाव त्याला फार आवडलं होतं.

मग तो प्रस्ताव आला. मोरिवलीजवळच्या एका कारखान्याने नवा संघ उभा केला होता आणि त्यांना डाव्या कोपऱ्यासाठी खंबीर माणूस हवा होता. त्यांचं म्हणणं, बाळाराम द्या, त्याला कायमची नोकरी देऊ; बदल्यात दिवाळीनंतर आमच्याकडे जी नवी उमेदवार पोरं भरती होतील, त्यांतली कुठलीही दोन तुम्ही निवडा, ती तुमच्याकडून खेळतील. ती पोरं कोण, कुठली, कशी खेळतात, कुणालाच माहीत नव्हतं. भरतीच अजून व्हायची होती! हातातला माणूस द्यायचा आणि न पाहिलेल्या दोन पोरांची वाट बघायची, असा तो मामला होता.

मारुतीच्या देवळात रविवारी दुपारी बैठक बसली. आमचा कप्तान काशिनाथ म्हणाला, "बाळाराम तिशीचा झाला. गुडघा कुरकुरतो. अजून दोन वर्षं खेळंल, मग काय? आज त्याला मागतायत, उद्या फुकट पण कोन नेनार नाय." दुसरे म्हणाले, कोपरा गेला की साखळीच तुटली. माझं मत मागितलं तेव्हा मी काशिनाथच्या बाजूने बोललो. आम्हाला दमदार चढाई करणारा नव्हता, सलग तीन वर्षं आम्ही अंतिम सामना हरलो होतो, आणि ती विजेत्यांची ढाल मला हवी होती. हे लिहायला लाज वाटते, पण हवी होती.

बाळाराम खांबाला टेकून सगळं ऐकत होता. त्याच्याकडे भातशेती होती, नोकरीची त्याला हौस नव्हती. शेवटी काशिनाथने विचारलं, "बाळाराम, तू सांग ना काहीतरी." बाळारामने माशी हाकलावी तसा हात झटकला आणि म्हणाला, "जाऊ द्या ना आता." बस, इतकंच. उठला, देवाला हात जोडले आणि गाईंना पाणी दाखवायची वेळ झाली म्हणून निघून गेला.

मी मंडळाचा चिटणीस. बैठकीचा वृत्तान्त लिहायचं काम माझं. ‘मला जाऊ द्या, असे बाळाराम यांनी सांगितले,’ असं मी लिहिलं. ‘मला’ हा शब्द त्याचा नव्हता. मुलांना मी शिकवतो की वाक्यात जे अध्याहृत असतं ते मागचंपुढचं बघून ओळखावं. मागचंपुढचं मी बघितलं होतं. तो झटकलेला हात मी बघितला होता. हा विषय जाऊ द्या, असं तो म्हणतोय हे मला त्या क्षणी समजलं होतं... तरी मी ‘मला’ लिहिलं. काशिनाथने वाचून मान डोलावली आणि बाकीच्यांनी सह्या केल्या.

सौदा वाया गेला असं म्हणता येणार नाही, तेही प्रामाणिकपणे सांगतो. निवडलेल्या दोघांतला एक कधी आलाच नाही, पण दुसरा असा काही चढाई करायचा की पुढच्याच वर्षी ढाल कुळगावात आली. त्या वर्षी कॅम्पातल्या मैदानावर आमचा आणि कारखान्याचा सामना झाला. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या. आम्ही हात धरून उभे राहतोय तोच बाळाराम चालत आमच्याच अंगणात आला, डाव्या कोपऱ्यात उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे हात पुढे केला. अख्खं मैदान खदाखदा हसलं. पंचांनी शिट्टी वाजवली. "चुकलं," असं म्हणून तो पलीकडे गेला. मीही इतरांबरोबर हसलो होतो.

पुढे आमच्या भेटी कमी होत गेल्या. तो पाळीला जायचा, मी शाळेत. वाटेत दिसला की "काय गुरजी" म्हणायचा, त्यात कधी राग दिसला नाही. दिसला असता तर मला सोपं गेलं असतं.

तेराव्याला मी त्याच्या घरी गेलो. जेवणं उरकल्यावर गोदावहिनी, त्याची बायको, पडवीत येऊन बसल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "खेळ सुटल्याचं त्याला वाईट वाटत असेल ना?" त्या म्हणाल्या, "तवा बैठकीवरून आलं ते खुशीत. बोललं, मिटला एकदाचा विषय, मी कुठं जात नाय. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. आन दुसऱ्या दिवशी काशिनाथभाऊ पेढं घेऊन आलं."

"मग त्याने सांगितलं का नाही? मी असं म्हणालोच नव्हतो म्हणून?"

"मी बोल्ले ना त्यांना, जाऊन सांगा. तर बोललं, गुरजींनी लिवलंय. गुरजी खोटं नाय लिवनार. माज्याच तोंडातून तसं गेलं असंल." वहिनींनी पदराने डोळे पुसले. "शेवटपरेंत तेच. पडल्या पडल्या मला इचारायचं, गोदा, मी तसा कसा काय बोललो गं?"

मान खाली घालून मी चपला घातल्या आणि घरी आलो. सहा वर्षं ज्याने माझ्या हातात हात दिला, त्याला मी स्वतःच्याच जिभेवर संशय घ्यायला लावला, आणि तो संशय घेऊनच तो गेला. याबद्दल मला क्षमा मागायलाही आता कुणी नाही.

वहिनींना वाचता येत नाही. हा लेख छापून आला की मीच कुळगावला त्यांच्या पडवीत जाऊन तो त्यांना वाचून दाखवणार आहे. एकही शब्द गाळणार नाही, आणि पदरचा एकही घालणार नाही.