मऊ शॉक, कडक स्प्रिंगा

बारवी धरणाच्या रस्त्यावर वळणाला माझ्या नातवाची स्पोर्ट्स कार बेडकासारखी उड्या मारत नाल्याकडे निघाली. चालवत होता उल्हासनगरचा मेकॅनिक. नाव मी विचारलंच नाही. "ट्रायलला बाजूला वजन पाहिजे, आजी," म्हणून त्यानं मला बसवलेलं.

"मेल्या, ब्रेक मार!"

"मारला तर पलटी होईल!" तो हसत होता. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सैल सोडून त्यानं गाडी हळूच कडेला घेतली. उतरून बोनेट तळहातानं दाबलं. गाडी डुलतच राहिली.

"नातवानं धक्के झेलणारे शॉक एका कंपनीचे घेतले, स्प्रिंगा दुसरीच्या. स्प्रिंग उडवते, शॉकला आवरत नाही. पत्रिकाच जुळत नाही."

"मग कर काडीमोड. आणि ट्रायलला मलाच बोलाव!"

नाल्यात जाता जाता वाचलो, तो आणि मी. नातू घरी झोपला होता.